महामारी आणि दीर्घकालीन आजारांच्या उपचारांतील खंड : छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महामारीचा इतिहास बहुतांशी बाधितांच्या व मृतांच्या संख्येवरून लिहिला जातो. ज्यांना महामारीच्या रोगाची बाधाच झाली नाही, परंतु महामारीमुळे ज्यांचे नित्याचे उपचार थांबले, त्यांची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडविकार, कर्करोग यांसारख्या आजारांत रुग्ण एकदा बरा होऊन घरी जात नाही. त्याचे जीवन औषध, तपासणी आणि रुग्णालय यांच्या अखंड साखळीवर अवलंबून असते. मार्च २०२० नंतर ही साखळी मराठवाड्यात कोठे व कशी तुटली, तसेच शासनव्यवस्थेने या रुग्णांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या विवेचनात औरंगाबाद हे तत्कालीन नाव वापरले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी औरंगाबाद हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या साथीत भारतात झालेल्या मृत्यूंचे अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. साथीचा सर्वाधिक आघात २० ते ४० या वयोगटातील प्रौढांवर झाला. जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये १ कोटी ३३ लाखांहून अधिक होती. ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांच्याही खाली आली. साथीबरोबरच अवर्षण व टंचाईचाही या घटीत वाटा होता.

त्या काळी दीर्घकालीन आजारांची सेवा खंडित होण्याचा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्भवणेच शक्य नव्हते. मानवी उपचारांसाठी इन्सुलिनचा प्रथम वापर १९२२ मध्ये झाला. डायलिसिस व केमोथेरपी त्यानंतरची आहेत. शिवाय वृद्धापकाळापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अल्प होते. भारतीयांचे सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास ३२ वर्षे होते. २०१६-२० या कालखंडात ते ७० वर्षांपर्यंत पोहोचले. म्हणजेच २०२० ची महामारी ज्या समाजावर कोसळली, त्यात औषधांच्या आधारे जगणाऱ्या प्रौढांचा एक फार मोठा वर्ग प्रथमच अस्तित्वात आलेला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे दाखविले.

कायदा मात्र एकोणिसाव्या शतकातीलच राहिला. साथरोग अधिनियम १८९७ मध्ये प्लेगच्या पार्श्वभूमीवर संमत झाला. औरंगाबाद संस्थानी मुलखात असल्याने तो तेव्हा येथे थेट लागू नव्हता. परंतु मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने याच कायद्याचा आधार घेतला. संसर्गाचा संपर्क तोडणे हे त्याचे सूत्र आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करण्यासाठी. इतर रुग्णांचे उपचार चालू ठेवण्याचे कर्तव्य त्यात नमूद झाले नाही.

उपचारशृंखला व तिच्यातील खंड :

औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. 'घाटी' या नावाने परिचित असलेल्या त्याच्या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून तसेच विदर्भ व खानदेशाच्या सीमाभागातून रुग्ण येतात. २०१२ मध्ये येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यावर मुंबईला जाणे न परवडणाऱ्या रुग्णांना एक आधार मिळाला. या एककेंद्री रचनेचे सामर्थ्य होते तेच तिचे वैगुण्यही ठरले. केंद्र संकटात सापडताच संपूर्ण परिसराची सेवा विस्कळीत होणे अपरिहार्य होते.

मे २०२० च्या आरंभी औरंगाबाद जिल्ह्याचा समावेश 'रेड झोन'मध्ये झाला. 'मिनी घाटी' म्हणून ओळखले जाणारे चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय कोविडसाठी वापरात आले. घाटीतील खाटा व मनुष्यबळही मोठ्या प्रमाणावर तिकडे वळविण्यात आले. १० ते १८ जुलै २०२० या काळात शहरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली. औषधांची दुकाने अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने उघडी राहिली. परंतु दुकान उघडे असणे आणि उपचार उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासकीय रुग्णालयातून विनामूल्य औषध घेणाऱ्यास तेथपर्यंत पोहोचणे आवश्यक होते, आणि खेड्यातील रुग्णाचे पोहोचण्याचे साधन म्हणजे एस.टी. होय. आंतरजिल्हा एस.टी. सेवा २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. पुढे नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या संपामुळे हेच साधन पुन्हा बंद पडले. उपचारांतील खंडाचा इतिहास लिहिताना रुग्णालयाइतकेच बसस्थानकही विचारात घ्यावे लागते, ते यामुळेच.

दूरभाष व संगणकाद्वारे वैद्यकीय सल्ला देण्यास केंद्राने मार्च २०२० मध्येच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णास दूरस्थ सल्ला पुरेसा नसतो. देशातील १९ मोठ्या रुग्णालयांच्या एका पाहणीत टाळेबंदीच्या काळात २८ टक्के रुग्णांचे किमान एक डायलिसिस चुकल्याचे आढळले. ४१ कर्करोग केंद्रांच्या अभ्यासानुसार मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मधील सुमारे २४ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आल्या. या घटीचा अर्थ रोग कमी झाला असा नाही. रुग्ण नोंदवहीपर्यंत पोहोचलाच नाही, असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक देशांत उच्च रक्तदाबाची सेवा अंशतः वा पूर्णतः विस्कळीत झाल्याचे दिसले. अर्थात ही केवळ मराठवाड्याची व्यथा नव्हती. येथे अंतर व दारिद्र्य यांनी ती अधिक तीव्र केली.

म्युकरमायकोसिस : दोन व्याधींचा संगम

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने औरंगाबादसह मराठवाड्यास ग्रासले. जुलै २०२१ च्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. गंभीर कोविड रुग्णांचा जीव वाचविणारी स्टिरॉइड औषधे रक्तातील साखर वाढवितात, आणि अनियंत्रित साखर या बुरशीस पोषक ठरते. देशातील १६ केंद्रांच्या अभ्यासात या रुग्णांत मधुमेह हा सर्वाधिक आढळणारा सहआजार होता, तसेच स्टिरॉइडच्या अयोग्य वापराशीही आजाराचा संबंध दिसून आला. ज्यांचा मधुमेह वेळीच ओळखला गेला नव्हता वा ज्यांची तपासणी कित्येक महिने थांबली होती, त्यांच्या शरीरात जुना आजार व नवी साथ एकत्र आली. अॅम्फोटेरिसिन या औषधाचा तुटवडा निर्माण झाला आणि त्याच्या पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही आला. डोळा वा जबडा गमावलेल्या रुग्णांची गणना बुरशीच्या खात्यात झाली. मधुमेहाच्या दुर्लक्षित उपचारांच्या खात्यात ती कोणी मांडली नाही.

यादीतील रुग्ण :

शासनाला दीर्घकालीन रुग्णांची जाणीवच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरी जाऊन मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडविकार यांची विचारणा झाली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लसीकरणात प्राधान्य मिळाले. याद्या तयार झाल्या; तथापि त्यांचे प्रयोजन कोविडचा धोका ओळखणे हे होते. रुग्णाची गोळी संपली काय, त्याची साखर कधी तपासली, हा प्रश्न त्या यादीच्या केंद्रस्थानी नव्हता. मधुमेही हा 'उपचारास पात्र रुग्ण' म्हणून नव्हे, तर 'जोखमीची व्यक्ती' म्हणून नोंदला गेला. २०१० पासून असंसर्गजन्य आजारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम अस्तित्वात असूनही साथीच्या काळात दोन्ही यंत्रणांचा मेळ पुरेसा बसला नाही.

निष्कर्ष :

१९१८ च्या साथीने तरुण प्रौढांचे प्राण थेट रोगाने घेतले. २०२०-२१ च्या महामारीने प्रौढांचे आरोग्य दोन मार्गांनी पोखरले : एक संसर्गाने, दुसरा उपचारांतील खंडाने. पहिल्या मार्गाची आकडेवारी रोज प्रसिद्ध होत होती. दुसऱ्या मार्गाची नोंद ठेवणारी व्यवस्थाच नव्हती. संपर्क तोडण्याच्या एकोणिसाव्या शतकातील सूत्राबरोबरच उपचारांचा संपर्क टिकविण्याचे सूत्रही साथनियंत्रणाच्या कायद्यात व नियोजनात यावयास हवे. दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देणे, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून व आशा कार्यकर्त्यांमार्फत गावात पोहोचविणे, डायलिसिस व केमोथेरपीच्या रुग्णांसाठी वाहतूक राखून ठेवणे आणि मोठे रुग्णालय साथीकडे वळविताना पर्यायी रुग्णालय आधीच निश्चित करणे, या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. मराठवाड्याच्या आरोग्याचा भार एका घाटीवर ठेवण्याची रचना बदलणे मात्र दीर्घ पल्ल्याचे काम आहे. पुढील महामारी येण्यापूर्वी ते किती पुढे जाते, यावर या प्रदेशातील लक्षावधी प्रौढांचे आयुष्य अवलंबून राहील.