बेलारूस : बहरण्यापूर्वीच खुडलेली लोकशाही

डिसेंबर १९९१ मध्ये बेलारूसच्या बेलावेझा अरण्यातील एका सरकारी विश्रामगृहात रशिया, युक्रेन व बेलारूस या तीन प्रजासत्ताकांच्या नेत्यांनी सोव्हिएत संघराज्याच्या अंतावर शिक्कामोर्तब केले. यजमान होते बेलारूसच्या संसदेचे सभापती स्तानिस्लाव शुश्केविच. ज्या भूमीवर साम्यवादी महासत्तेचा शेवट झाला, त्याच भूमीवर पुढे सोव्हिएत काळाची आठवण करून देणारी राजवट रुजावी, हा इतिहासाचा विलक्षण विरोधाभास म्हणावा लागेल. साम्यवादोत्तर देशांत लोकशाहीची पीछेहाट कशी होते, याचा अभ्यास करणाऱ्यास बेलारूसचे उदाहरण टाळता येत नाही.

निवडणुकीतून आलेला सत्ताधीश

मार्च १९९४ मध्ये देशाने नवी राज्यघटना स्वीकारली. राष्ट्राध्यक्ष, संसद आणि घटना न्यायालय यांत अधिकारांची वाटणी करणारी ही घटना होती. त्याच वर्षी जून-जुलैत झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अलेक्झांडर लुकाशेन्को विजयी झाले. सरकारी शेतीसंस्थेचे माजी संचालक आणि संसदेच्या भ्रष्टाचारविरोधी समितीचे अध्यक्ष, एवढीच त्यांची ओळख होती. महागाई आणि भ्रष्टाचार यांनी गांजलेल्या मतदारांनी दुसऱ्या फेरीत त्यांना सुमारे ८० टक्के मते दिली. पराभूत उमेदवार खुद्द पंतप्रधान व्याचेस्लाव केबिच होते. बेलारूसमधील ही शेवटची खऱ्या अर्थाने मुक्त अशी राष्ट्राध्यक्षीय निवडणूक मानली जाते. म्हणजे लुकाशेन्को रणगाड्यांच्या बळावर आले नाहीत. जनतेनेच त्यांना निवडून दिले होते.

सार्वमताचे हत्यार

निवडून आलेल्या नेत्याने लोकशाहीच मोडीत काढली, ती सार्वमताच्या मार्गाने. मे १९९५ च्या पहिल्या सार्वमताने रशियन भाषेला बेलारूसी भाषेच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आणि पांढऱ्या-लाल-पांढऱ्या राष्ट्रध्वजाच्या जागी सोव्हिएत धाटणीचा ध्वज आला.

खरा घाव नोव्हेंबर १९९६ चा. राष्ट्राध्यक्षांच्या हाती जवळजवळ सर्व सत्ता एकवटणारा घटनेचा नवा मसुदा लुकाशेन्को यांनी सार्वमताला टाकला. हे सार्वमत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे राहील, असा निर्वाळा घटना न्यायालयाने दिला. संसदेने महाभियोगाची प्रक्रिया सुरू केली. मध्यवर्ती निवडणूक आयोगाचे अध्यक्ष व्हिक्टर गोंचार यांनी निकालावर सही करणार नसल्याचे सांगताच त्यांना पदावरून हटवण्यात आले. मतदान झाले, मसुदा मंजूर झाल्याचे घोषित झाले आणि निकाल बंधनकारक ठरवला गेला. जुनी संसद मोडून ११० सदस्यांचे आज्ञाधारक सभागृह उभे राहिले. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाची मोजणीही नव्याने सुरू झाली. २००४ च्या तिसऱ्या सार्वमताने दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली.

माणसे नाहीशी होतात

संस्था पाडून झाल्यावर पाळी माणसांची आली. मे १९९९ मध्ये माजी गृहमंत्री युरी झाखारेन्को बेपत्ता झाले. सप्टेंबरमध्ये गोंचार आणि त्यांचे स्नेही, उद्योजक अनातोली क्रासोव्स्की हे दोघे नाहीसे झाले. जुलै २००० मध्ये दूरचित्रवाणीचे छायाचित्रकार दिमित्री झावाद्स्की यांचा माग हरपला. चौघांपैकी कोणीही परतले नाही.

सामान्य नागरिकासाठी मात्र इतक्या टोकाला जाण्याची गरज नव्हती. १९९९ च्या अध्यक्षीय आदेशानुसार कायम नोकऱ्यांऐवजी मुदतीच्या करारांची पद्धत सर्वत्र पसरली. बहुसंख्य लोक सरकारी आस्थापनांत काम करीत असलेल्या देशात कराराचे नूतनीकरण न होण्याची धास्तीच तोंड बंद ठेवण्यास पुरेशी ठरली. वृत्तपत्रे बंद पडली, स्वयंसेवी संस्थांची नोंदणी रद्द झाली. मिन्स्कमधील युरोपीय मानव्यविद्या विद्यापीठाला २००४ मध्ये टाळे लागले आणि ते शेजारच्या लिथुआनियात व्हिल्निअसला हलवावे लागले.

दाद मागायची कोठे?

युरोपातील बहुतेक देशांच्या नागरिकाला स्वदेशी न्याय न मिळाल्यास स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावता येते. बेलारूस युरोप परिषदेचा सदस्य नसल्याने तेथील नागरिकाला ती सोय नाही. १९९६ च्या सार्वमतानंतर परिषदेने त्या देशाचा विशेष अतिथी दर्जाही स्थगित केला. मृत्युदंड प्रत्यक्षात अमलात आणणारा हा युरोपातील एकमेव देश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार करण्याची एक वाट उरली होती. पण समितीसमोर प्रकरण प्रलंबित असतानाही कैद्यांना मृत्युदंड दिल्याच्या घटना घडल्या. २०२२ मध्ये या तक्रार-व्यवस्थेतूनच माघार घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

२०२० चा उद्रेक

९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत स्वेतलाना तिखानोव्स्काया उभ्या राहिल्या, त्या पती सेर्गेई यांना अटक झाली म्हणून. लुकाशेन्को यांना ८० टक्के मते पडल्याचे जाहीर होताच लक्षावधी लोक जुना पांढरा-लाल-पांढरा ध्वज घेऊन रस्त्यावर उतरले. पहिल्या काही दिवसांतच हजारोंना पकडण्यात आले आणि कोठडीतील मारहाणीच्या कहाण्या बाहेर येऊ लागल्या. तिखानोव्स्काया यांना देश सोडावा लागला. मारिया कोलेस्निकोवा यांना सक्तीने सीमेपार धाडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी आपले पारपत्र फाडून टाकले. पुढे त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. मे २०२१ मध्ये तर अथेन्सहून व्हिल्निअसला निघालेले प्रवासी विमान मिन्स्कला उतरवून त्यातील एका पत्रकाराला अटक करण्यात आली.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘विआस्ना’, म्हणजे ‘वसंत’, या मानवी हक्क संस्थेचे प्रमुख आलेस बियालियात्स्की यांना २०२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ते तुरुंगात होते. मार्च २०२३ मध्ये त्यांना १० वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. जानेवारी २०२५ मध्ये लुकाशेन्को सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने बेलारूसच्या पोटॅश खतावरील निर्बंध उठवले आणि बियालियात्स्की व कोलेस्निकोवा यांच्यासह १२३ जणांची सुटका झाली. या दोघांना तुरुंगातून थेट देशाबाहेर नेण्यात आले. त्यानंतरही शेकडो राजकीय कैदी गजाआडच होते. कैद्यांची मुक्तता हा न्यायाचा नव्हे, तर सौद्याचा विषय झाला होता.

साम्यवाद कोसळला की लोकशाही आपोआप उगवेल, ही १९९१ ची आशा भाबडी होती. लिथुआनिया आणि बेलारूस हे शेजारी. दोघेही एकाच संघराज्यातून बाहेर पडले. एकाने न्यायालये, संसद व वृत्तपत्रे यांची मुळे खोल जाऊ दिली. दुसऱ्याकडे ती रुजण्यापूर्वीच, अवघ्या अडीच वर्षांत, उपटली गेली. आणि तीही मतपेटीच्या साक्षीने. १९९६ मध्ये घटना न्यायालयाचा शब्द पाळला गेला असता, तर २०२० मध्ये लोकांना आपले मत रस्त्यावर मोजून दाखवण्याची वेळ कदाचित आली नसती.