कंपाउंडरची कुळकथा

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या दवाखान्याची आठवण काढा, डॉक्टरांच्या आधी कंपाउंडरच डोळ्यांपुढे उभा राहतो. लाकडी खिडकी, तिच्या आत रंगीत औषधांच्या बरण्या आणि बाहेर घरून धुऊन आणलेली बाटली हातात धरून बसलेली माणसे. डॉक्टर नाडी पाहत, चिठ्ठी लिहीत; पण औषध मिळायचे ते कंपाउंडरच्या हातून. डॉक्टर बाहेरगावी गेलेले असले, तरी आडगावाहून बैलगाडीने आलेला शेतकरी लगेच परत फिरत नसे. "कंपाउंडरभाऊ शे ना?" एवढे विचारून तो ओट्यावर बसे.

या माणसाचा इतिहास फारसा कोणी सांगितला नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. पण माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुले आज जळगाव-धुळ्याच्या औषधांच्या दुकानांत उभी आहेत. त्यांना आपल्या धंद्याचे कूळ ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा लढाया, लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी तो उजाड झाला होता. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले. मुलूख हळूहळू वसला. पण सातपुड्याच्या पायथ्याचा हिवताप आणि विहिरीच्या पाण्यातला नारू हे दोन शत्रू हटले नाहीत. सुमारे दहा हजार चौरस मैलांचा हा जिल्हा आणि सिव्हिल सर्जन धुळ्याला! तालुक्याच्या दवाखान्यात बसायचा तो 'हॉस्पिटल असिस्टंट'. नावाने मदतनीस, कामाने तोच डॉक्टर.

असे मदतनीस तयार करण्यासाठी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० नंतरच्या दशकात देशी भाषांचे वर्ग निघाले. त्यांत एक वर्ग मराठीचा होता. शरीररचना आणि औषधिविद्या आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकविता येते, हे त्या काळी सिद्ध झाले होते. आज ही गोष्ट सांगितली तर ऐकणारा अविश्वासाने पाहतो. पुढे १८७८ साली पुण्यात बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकशाळा सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी गावोगावचे सरकारी दवाखाने चालविले.

या असिस्टंटच्या हाताखाली कंपाउंडर असे. त्याला बहुधा शाळा नव्हती. झाडणे, बाटल्या विसळणे, मलमपट्टी करणे अशा पायऱ्या चढत तो खलापर्यंत पोहोचायचा. चिठ्ठी इंग्रजी-लॅटिनची आणि मापे ग्रेन, ड्राम व औंस यांची. साठ ग्रेनचा ड्राम, आठ ड्रामांचा औंस. गंमत नव्हे, भीतीची गोष्ट ही, की ड्रामची खूण आणि औंसाची खूण यांत केवळ वरच्या एका वळणाचा फरक. ते वळण वाचताना चूक झाली, तर औषध आठपट पडायचे. मिश्रण तयार झाले की बाटलीला खळीने कागदाची पट्टी चिकटवायची. तिच्या कातरलेल्या कडेवरून अडाणी म्हातारीलाही एका वेळची मात्रा समजावी. वाचता न येणाऱ्या रोग्यासाठी शोधलेली ही युक्ती मला फार मोठी वाटते.

हाताखालच्या माणसाच्या हातात केवढी जबाबदारी असते, हे एका दूरच्या गावी दिसून आले. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि आगगाडीच्या वाटेने मुलूखभर पसरला. खानदेशही सुटला नाही. हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावी ती टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीत पुढे आले. तरी ठपका हाफकिनवर आला. रोनाल्ड रॉससारख्यांनी बाजू मांडल्यावर १९०७ साली तो निर्दोष ठरला. शास्त्रज्ञाची पाच वर्षे गेली, १९ जीव गेले. पण त्या मदतनिसाला चिमटा पडल्यावर काय करावे हे कोणी किती शिकविले होते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला!

तो प्रश्न किती मोठा होता, हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालावरून कळते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,००० डॉक्टर. त्यांतले सुमारे ३०,००० वैद्यकशाळांतले परवानाधारक. परिचारिका ७,००० च्या आसपास. आणि शिकलेले औषधनिर्माते? अवघे ७५! म्हणजे चाळीस लाख लोकांमागे एक. मग देशाचे औषध कोण घोटीत होते? आमचा खिडकीतला कंपाउंडर. समितीने परवानाधारकांचा छोटा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचे डॉक्टर घडवावेत असे सुचविले. त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे कॉलेज झाले.

कंपाउंडरला त्याचे स्थान मिळाले ते १९४८ च्या औषधशाला कायद्याने. या कायद्यात मला आवडणारे एक कलम आहे. रोग्यांना नियमाने औषध देणाऱ्या दवाखान्यात ज्याने निदान पाच वर्षे औषधे तयार केली आहेत, त्याला पहिल्या नोंदवहीत नाव घालता येईल, असे त्यात म्हटले. खलाशी घालविलेली वर्षे सरकारने विद्या म्हणून मान्य केली. त्यापुढच्यांना मात्र शाळेची पदविका आवश्यक झाली. डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला दिलेले औषध सोडले, तर नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, असाही नियम आला. प्रयोगशाळेत किंवा क्ष-किरणांच्या यंत्रापाशी काम करणाऱ्या इतर साहाय्यकांसाठी असा सर्वदेशी कायदा व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.

आज धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; जळगावला २०१८ पासून आहे. औषधे कारखान्यातून गोळ्यांच्या पाकिटांत येतात. खल कपाटावर गेला. मुले बारावीनंतर दोन वर्षे शिकून पदविका घेतात. अशाच एका जुन्या विद्यार्थ्याने परवा विचारले, "सर, एक दुकानदार म्हणतो, प्रमाणपत्र फक्त भिंतीवर टांगायला द्या. वर्षाला ठरावीक पैसे देतो. यायचीसुद्धा गरज नाही. काय करू?" घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, दोन वर्षे कपाशी बुडाली होती, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता.

मी त्याला उपदेश केला नाही. वर लिहिलेली हकीकतच सांगितली. जुन्या कंपाउंडरपाशी कागद नव्हता, पण तो खिडकीत हजर असे. ते वळण ड्रामचे की औंसाचे, हे पाहणारा डोळा तिथे होता. तुझ्यापाशी कागद आहे. तो टांगून तू घरी राहिलास, तर गोळी देणारा हात पुन्हा न शिकलेल्याचाच. मग ७५ च्या काळात आणि आजच्यात फरक तो काय उरला?

तो उठताना एवढेच म्हणाला, "पगार कमी असला तरी उभं राहायची नोकरी बघतो." सध्या तो अमळनेरला एका दुकानात सकाळी नवापासून उभा असतो. वडिलांचे कर्ज अजून फिटलेले नाही.