डॉनोव्हन, केसी

(२ नोव्हेंबर १९४३ – १० ऑगस्ट १९८७). समलिंगी पोर्नपटांत स्वतःच्या नावावर प्रेक्षक खेचणारा पहिला अमेरिकन नट. मूळ नाव जॉन कॅल्विन कल्व्हर. रंगभूमीवर आणि मॉडेलिंगमध्ये तो कॅल कल्व्हर या नावाने वावरला. जन्म न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट ब्लूमफील्ड या लहानशा गावी. जेनिसिओ येथील महाविद्यालयात शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन त्याने काही काळ शाळेत शिकवले. पण ओढा नाटकाकडे होता. न्यूयॉर्क शहरात मॉडेलिंग करीत तो लहानसहान भूमिका मिळवू लागला. ‘केसी’ नावाच्या अल्पखर्ची समलिंगी चित्रपटात त्याने शीर्षकभूमिका केली आणि त्या पात्राचेच नाव पुढे पडद्यावर घेतले.

त्याची कीर्ती मुख्यतः एका चित्रपटावर उभी आहे : ‘बॉइज इन द सँड’ (१९७१). दिग्दर्शक वेकफील्ड पूल हा मूळचा बॅले नर्तक आणि ब्रॉडवेवरचा नृत्यदिग्दर्शक. समलिंगी पोर्नपट म्हणजे तेव्हा बहुधा निनावी, कळकट तुकडे असत. आपल्या माणसांचे प्रेम आणि वासना देखणेपणाने दाखवता येतील, ही पूलची जिद्द होती. सुमारे ८,००० डॉलर खर्चून न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर चित्रीकरण झाले. तीन भागांपैकी पहिल्यात किनाऱ्यावर एक तरुण एकटाच बसलेला असतो. समोरच्या रिकाम्या पाण्यातून सोनेरी केसांचा डॉनोव्हन वर येतो आणि सरळ त्याच्याकडे धावत येतो. त्या येण्यात चोरटेपणा नाही. त्या काळच्या समलिंगी प्रेक्षकाला स्वतःविषयीचे असे निःसंकोच चित्र पडद्यावर क्वचितच मिळाले होते, आणि डॉनोव्हनचे महत्त्व शरीरसौंदर्यापेक्षा या मोकळेपणात अधिक आहे.

२९ डिसेंबर १९७१ रोजी हा चित्रपट न्यूयॉर्कच्या फिफ्टी-फिफ्थ स्ट्रीट प्लेहाउसमध्ये लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची जाहिरात आली, ‘व्हरायटी’ने परीक्षण छापले. न्यूयॉर्कमधील समलिंगींच्या स्टोनवॉल उठावाला तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती. भिन्नलिंगी पोर्नपटांना चव्हाट्यावर आणणारा ‘डीप थ्रोट’ पुढे जून १९७२ मध्ये आला. पोर्नपट उघडपणे पाहण्याच्या त्या लाटेचे श्रेय देताना पूल आणि डॉनोव्हन यांना अनेकदा विसरले जाते, हे अन्यायाचे आहे.

या यशाच्या जोरावर मुख्य प्रवाहात शिरता येईल, असे डॉनोव्हनला मनापासून वाटत होते. १९७२ मध्ये ब्रॉडवेवर इंग्रिड बर्गमनची भूमिका असलेल्या ‘कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन’ या नाटकात त्याला छोटी भूमिका मिळाली. जेरी डग्लसच्या ‘टबस्ट्रिप’ या नाटकातून त्याने अमेरिकेतील अनेक शहरांचा दौरा केला. रॅडली मेट्झगरच्या ‘स्कोअर’मध्ये (१९७४) स्वतःचे पुरुषांविषयीचे आकर्षण ओळखू लागलेला नवरा त्याने रंगवला, त्यातली त्याची अवघडलेली नजर पाहिली की नट म्हणून त्याची कुवत कळते. मोठ्या निर्मात्यांनी मात्र त्याला जवळ केले नाही. ज्या नावाने त्याला ओळख दिली, त्याच नावाने कॅल कल्व्हरची वाट अडवली. १९८३ मध्ये टेरेन्स मॅकनॅलीच्या ‘द रिट्झ’ या नाटकाचे पुनरुज्जीवन करण्याच्या खटपटीत तो होता. ते नाटक पहिल्या खेळानंतरच गुंडाळले गेले. की वेस्ट येथे काढलेले अतिथिगृहही चालले नाही.

पोर्नपटांतले काम त्याने सोडले नाही आणि त्याबद्दल खंतही बाळगली नाही. जो गेजच्या ‘एल.ए. टूल अँड डाय’मध्ये (१९७९) तो दिसतो. नटापासून कादंबरीकार झालेल्या टॉम ट्रायनशी सत्तरच्या दशकात त्याचे काही वर्षे प्रेमसंबंध होते. ट्रायनला स्वतःचे समलिंगी असणे झाकून ठेवायचे होते, तर डॉनोव्हनचा चेहरा जगजाहीर. हे नाते टिकणे अवघडच होते. पुढे डॉनोव्हनने समलिंगी नियतकालिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवले आणि समलिंगी प्रवाशांच्या सहलीही नेल्या. पूलबरोबर त्याने ‘बॉइज इन द सँड’चा दुसरा भागही केला, पण पहिल्याची जादू त्यात उतरली नाही.

फ्लॉरिडातील इनव्हर्नेस येथे, एड्समुळे जडलेल्या फुप्फुसाच्या संसर्गाने, वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. रॉजर एडमन्सनने लिहिलेले त्याचे चरित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.