वळणाची निवड : गोफणगुंडा, थाळी आणि तबकडी

फेकावयाच्या साधनांचा इतिहास हा सामान्यतः नेमाचा इतिहास मानला जातो. दगड, भाला, बाण वा गोळा सरळ जावा आणि योजिलेल्या जागी पडावा, यासाठी मनुष्याने हजारो वर्षे खटपट केली. हवेत वस्तूने दिशा बदलणे हा या दृष्टीने दोषच होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झालेल्या ‘डिस्क गोल्फ’ या खेळाने मात्र या दोषालाच गुणाचे स्थान दिले. वाटेतील झाडाला वळसा घालून तबकडी इष्ट स्थळी पोचविणे हे या खेळातील मुख्य कौशल्य; आणि त्यासाठी कोणती तबकडी हाती घ्यावी, हा त्यातील मुख्य विचार. हा विचार कसा घडत गेला आणि तो शब्दांत व अंकांत कसा बांधला गेला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. तुलनेसाठी प्रारंभ आपल्याकडील एका परिचित साधनापासून करणे सोयीचे ठरेल.

१. गोफण आणि सरळ मार्ग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात तिसगाव हे गाव आहे. ज्वारी-बाजरीच्या या प्रदेशात कणसे भरू लागली की पाखरे राखणे हे शेतकऱ्याचे नित्याचे काम, आणि माळ्यावर उभे राहून चालवावयाची गोफण हे त्याचे जुने साधन. गोफणीचा शब्देतिहास मनोरंजक आहे. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधावयाच्या निरनिराळ्या बंधांची जी यादी आहे, तीत ‘गोफणा’ हा एक बंध येतो. मध्ये खोलगट आणि दोन्ही बाजूंस बंद अशी जी आकृती, तीच वैद्याच्या पट्टीची आणि राखणदाराच्या गोफणीची. मराठीत गोफणीत घालावयाच्या दगडालाही ‘गोफणगुंडा’ असा स्वतंत्र शब्द आहे. हाताला येईल तो दगड आणि गोफणीला योग्य असा दगड यांत भाषेने भेद केला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हा भेद कशासाठी? गोल, भरीव आणि बेताच्या वजनाचा गुंडा सरळ जातो. चपटा वा खापरीसारखा दगड हवेत भरकटतो. म्हणून चपटा दगड टाकून द्यावयाचा. मध्ये बाभळीचे वा निंबाचे झाड आले तर गोफण चालविणारा जागा बदलतो. दगडाने झाडाला वळसा घालावा ही अपेक्षा तो ठेवीत नाही. निवडीचे ज्ञान येथे निश्चित आहे. परंतु त्याचा हेतू वळण टाळण्याचा आहे.

२. जड थाळी व हलकी तबकडी

चपट्या, वर्तुळाकार आयुधाची कल्पना भारतास नवी नाही. पुराणांतील सुदर्शनचक्र बाजूस ठेवले, तरी प्रत्यक्ष व्यवहारातील पोलादी चक्राचे वर्णन सोळाव्या शतकाच्या आरंभी भारतात असलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने दिल्लीच्या राज्याविषयी लिहिताना केले आहे. बाहेरची कड धारदार असलेले हे कडे बोटावर फिरवून शत्रूवर सोडीत. पुढे निहंग शिखांच्या उंच पगडीवर ते दिसू लागले.

ग्रीकांच्या ‘डिस्कस’ला मराठी क्रीडाक्षेत्राने ‘थाळी’ हा शब्द दिला. थाळीचे मूळ संस्कृत ‘स्थाली’, म्हणजे शिजविण्याचे भांडे. ‘तबकडी’चे मूळ ‘तबक’ मात्र अरबीतून आलेले. त्यास मराठी लघुत्वदर्शक प्रत्यय लागून तबकडी झाली. ती प्रथम ध्वनिमुद्रिकेला चिकटली, आणि आकाशातील अज्ञात वस्तूंची वार्ता १९४७ साली अमेरिकेतून जगभर पसरल्यानंतर ‘उडती तबकडी’ हा जोडशब्दही रुळला.

पुरुषांच्या स्पर्धेतील थाळीचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर आणि वजन २ किलोग्रॅम असते. डिस्क गोल्फच्या तबकडीचा व्यास २१ सेंटिमीटरहून कमी असू नये आणि तिचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमहून अधिक नसावे, असा नियम आहे. म्हणजे २१ सेंटिमीटर व्यासाची तबकडी फार तर १७४ ग्रॅमची. आकाराने दोन्ही जवळजवळ सारख्या. वजनात मात्र अकरापटींहून अधिक अंतर. जड थाळीच्या मार्गावर हवेचा परिणाम मर्यादित राहतो. हलक्या तबकडीचा मार्ग हवाच ठरविते. वळणाच्या प्रश्नाचा उगम या फरकात आहे.

३. दोष सुधारण्याचा काळ

उडत्या तबकडीचा व्यापारी इतिहास कॅलिफोर्नियात सुरू होतो. १९३७ साली फ्रेड मॉरिसन या तरुणाने डब्याचे पत्र्याचे झाकण फेकण्याचा खेळ केला. पुढे केक भाजण्याच्या पत्र्याच्या थाळ्या तो समुद्रकिनाऱ्यावर विकू लागला. ५ सेंटांची थाळी २५ सेंटांस जात असे. १९४८ मध्ये प्लॅस्टिकची तबकडी निघाली. १९५५ च्या सुमारास त्याने तयार केलेल्या ‘प्लूटो प्लॅटर’चे हक्क १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले. कनेक्टिकट राज्यातील फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या थाळ्या विद्यार्थी फेकीत असत, त्यावरून हे नाव आले असे मानले जाते. येथेही भांड्याचेच नाव खेळण्याला मिळाले, हा थाळी व तबक यांच्याशी असलेला सारखेपणा योगायोगाचा नाही. सपाट व कड असलेली वर्तुळाकार वस्तू बहुतेक समाजांत प्रथम स्वयंपाकघरातच सापडते.

व्हॅम-ओमधील एड हेडरिक याने तबकडीच्या पाठीवर समकेंद्री कंगोरे घालून तिचे डगमगणे कमी केले. त्याचे पेटंट १९६७ साली मंजूर झाले. या टप्प्यापर्यंतची दृष्टी गोफणीच्या दृष्टीहून मूलतः भिन्न नव्हती. तबकडी स्थिर व सरळ उडावी, हाच हेतू होता.

४. दोषाचा गुण झाला

१९७५ साली हेडरिकच्याच योजनेनुसार लॉस एंजेलिसजवळील ओक ग्रोव्ह उद्यानात डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले गेले. गोल्फमध्ये वाळूचे खड्डे व पाणी हे अडथळे. येथे अडथळा झाडांचा. झाडे हलविता येत नाहीत, आणि खेळाडूने तबकडी जेथे पडली तेथूनच पुढची फेक करावयाची असते. गोफण चालविणाऱ्याला असलेली जागा बदलण्याची मुभा या खेळाडूला नाही. तेव्हा बदलावयाचा तो मार्गच, आणि मार्ग बदलावयाचा तर साधन बदलावयास हवे.

१९८३ साली डेव्ह डुनिपेस याने कड पाचरीसारखी निमुळती केलेली तबकडी सिद्ध केली. ती अधिक वेगाने व अधिक दूर जाऊ लागली. आणि कडेच्या आकारात थोडा फरक केला की वळण बदलते, हेही स्पष्ट झाले. यानंतर एकाच खेळाडूने अनेक प्रकारच्या तबकड्या पिशवीत बाळगणे स्वाभाविक झाले.

यामागील कारण असे. उजव्या हाताने, डाव्या खांद्याकडून हात झटकून फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. हवेचा उचलणारा दाब तिच्या नेमक्या मध्यावर पडत नाही. वेग फार असता तो मध्याच्या मागे सरकतो व पुढची कड दाबू पाहतो. वेग ओसरला की तो पुढे येतो व पुढची कड उचलू पाहतो. परंतु फिरत्या वस्तूवरील अशा जोराचा परिणाम समकोनात प्रकट होतो, हा भोवऱ्याचाच नियम होय. म्हणून आरंभी तबकडी उजवीकडे कलते आणि अखेरीस डावीकडे. कोणती प्रवृत्ती प्रबळ, हे मुख्यतः कडेच्या घडणीवर ठरते. पहिल्या प्रवृत्तीस इंग्रजीत ‘टर्न’ व दुसरीस ‘फेड’ म्हणतात. मराठीत ‘वळण’ व ‘ओसर’ म्हणता येईल.

५. निवडीची रीत

आता झाडाचा प्रश्न घ्यावा. लक्ष्य झाडामागे डावीकडे असेल, तर उजव्या हाताचा खेळाडू ओसर मोठी असलेली तबकडी घेतो, डावी कड खाली ठेवतो आणि झाडाच्या उजवीकडून फेकतो. लक्ष्य उजवीकडे असेल, तर वळण मोठे व ओसर थोडी असलेली तबकडी योग्य. आधी उजवीकडे जाऊन पुढच्या झाडापाशी पुन्हा डावीकडे परतावयाचे असेल, तर ओसर मोठी असलेलीच तबकडी उजवी कड खाली करून सोडतात. डावी कड खाली असलेल्या फेकीस ‘हायझर’ व उलट फेकीस ‘अनहायझर’ म्हणतात.

हे सर्व आज तबकडीवर चार अंकांत छापलेले असते : वेग, तरंगणे, वळण आणि ओसर. वळणाचा अंक साधारणतः +१ ते −५, ओसरीचा ० ते ५. झाडाच्या उजवीकडे नेणारी तबकडी −३ व १ अशा अंकांची, तर डावीकडे आणणारी ० व ४ अशा अंकांची असते.

परंतु हे अंक म्हणजे मापे नव्हेत. ते निर्माता आपल्या अनुभवाने ठरवितो. खेळाची नियामक संस्था तबकडीचा व्यास, वजन, कड व लवचिकपणा तपासते, वळणाचा अंक नव्हे. शिवाय अंकात विशिष्ट वेगाची फेक गृहीत असते. नवशिक्याच्या हातून −३ ची तबकडीही पुरेशा वेगाअभावी डावीकडेच पडते. समोरचा वारा असला की हवेशी सापेक्ष वेग वाढून वळण वाढते. झाडांवर आपटून झिजलेली तबकडी पूर्वीहून अधिक वळते. म्हणून जाणते खेळाडू एकाच साच्याच्या नव्या व जुन्या अशा दोन्ही तबकड्या बाळगतात. अंक आरंभ करून देतो, पण निर्णय हातालाच घ्यावा लागतो.

६. उपसंहार

यावरून असे दिसते की, साधनाच्या निवडीचे ज्ञान दोन्हीकडे होते. एका ठिकाणी ते नोंदले गेले, दुसऱ्या ठिकाणी ते एका शब्दापुढे गेले नाही. डिस्क गोल्फचे चार अंक अपुरे असूनही उपयोगी ठरतात, कारण त्यांच्यामुळे दूरच्या अपरिचिताला जाणत्या खेळाडूच्या अनुभवाचा प्रारंभ तरी हाती येतो. गोफणगुंड्याचे वजन, घडण, दोरीची लांबी, वाऱ्याच्या मानाने दगड बदलण्याची रीत ही तिसगावसारख्या गावी हाताकडून हाताकडे जात राहिली. कोशात ‘गोफणीत घालावयाचा दगड’ एवढा अर्थ दिल्याने ती नोंदली जात नाही. मराठीच्या अभ्यासकांनी अशा शब्दांची नोंद करताना अर्थाबरोबर निवडीचे निकषही विचारून घ्यावेत. ज्यांनी हे निकष हाताळले आहेत अशी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.