बाणावलीच्या संग्रहालयातील नांगर

ज्यांनी प्रथम रान तोडून भूमी लागवडीस आणिली, त्यांची नावे इतिहासात क्वचितच आढळतात. त्यांची आऊते मात्र कोठे कोठे उरली आहेत. ती पाहण्याचा योग आम्हां शेंद्रेकरांस गोव्यात आला. संत जुझे वाझ ह्यांचे जन्मस्थान म्हणून आम्ही बाणावलीस यात्रेला गेलो होतो. (१६५१ साली जन्मलेल्या ह्या धर्मवीरास २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी संतपद दिले, हे वाचकांस विदित आहेच.) त्याच गावी ‘गोवा चित्र’ नामक संग्रहालय आहे असे कळल्यावरून आम्ही तिकडे वळलो.

श्री. व्हिक्टर ह्यूगो गोम्स ह्या चित्रकाराने ते २००९ साली उघडिले. चार हजारांहून अधिक वस्तू त्याने जमविल्या, आणि पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांची दारे-खिडक्या आणून त्यांतूनच इमारत उभी केली. नांगर, धान्याची मापे, मडकी आणि उसाचा एक प्रचंड घाणा. घाण्यापाशी आमची मंडळी बराच वेळ खोळंबली. स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे खेडुतांच्या घरांचे संग्रहालय १८९१ पासून आहे. आपल्याकडे ही हौस अजून थोड्यांसच.

गोव्याचे मूळ वसाहतकार म्हणजे गावकर. खाडीकाठच्या दलदलीस बांध घालून त्यांनी खाजन शेते निर्माण केली. बांधात लाकडी झडपांची दारे बसवीत. ओहोटीस शेतातील पाणी दार लोटून बाहेर जाई. भरतीस खारे पाणी तेच दार दाबून बंद करी. पहाऱ्यास मनुष्य नको! एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे, म्हणून जमीन व बांध सर्व गावाचे असत. १५२६ साली आफोंसो मेशिया ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरांचे हे जुने रिवाज लेखी नमूद करविले.

तेथील नांगर पाहून आमच्यातील एक वृद्ध बाई हसल्या. “हा आपल्या काळ्या रानात काय टिकायचा?” असे त्या म्हणाल्या, व ते खरेही होते. आपला नांगर जड, त्यास चार-चार, सहा-सहा बैल लागत. मग तिफण, चाडे, वखर, मोट, पेव अशी एकेक नावे निघू लागली. बरोबरच्या मुलांस त्यांतील एकही ठाऊक नव्हते. त्यांचा काय दोष? शेंद्र्याची किती तरी शिवारे औद्योगिक वसाहतीत गेली, आणि मोटर बांधणारे कारखाने तेथे उभे राहिले. पोरांस त्यांतून रोजगार मिळाला, हे नाकारता येत नाही.

तथापि एक गोष्ट येथे कबूल केलीच पाहिजे. आमच्या आजोबांची तिफण कोणी हिरावून नेली नाही. एका पावसाळ्यात जळण ओले होते, तेव्हा आम्हीच ती फोडून चुलीत घातली. चाडे तेवढे माळ्यावर राहिले होते. यात्रेहून परतल्यावर ते खाली काढिले. त्याच्या तळाशी मूठभर ज्वारी होती, कीड लागून पार भुसा झालेली.