कौलं, शाकारणी आणि निसर्ग वादळ

आज छपराचा इतिहास, आणि सुरुवात आमच्याच घरापासून.

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. संध्याकाळी आमच्या माजघरातून आभाळ दिसत होतं. पावसाळा तोंडावर, त्यात लॉकडाऊन, माणूस मिळेना.

मी शिडी लावली. काका म्हणाले, "खाली उतर आधी. फुटकी नि साबूत कौलं वेगळी कर. आणि पाणी जिथे ठिबकतंय तिथे भोक शोधू नको. ते वाशावरून वाहत येतं. वरच्या बाजूला बघ."

हे ज्ञान आलं शाकारणीतून. कोकणात पूर्वी नळ्याची कौलं असायची. कुंभार चाकावर नळा करायचा, ओला असतानाच उभा चिरायचा, मग भाजायचा. एक उताणं, एक पालथं, नुसतं रचलेलं. वर मांजर पळालं तरी सरकायचं! म्हणून दर वैशाखात सगळं छप्पर उतरवून पुन्हा रचायचं. वाशाला वाळवी लागलीय का, तेही तेव्हाच कळायचं.

मग १८६५मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेलं चपटं कौल; पाठीचं बोंड रिपेवर अडकतं, कडेच्या खाचा एकमेकींत बसतात. सहजी सरकत नाही. शाकारणीचं काम कमी झालं, आणि माझ्या मते इथेच एक गोष्ट हातची गेली: छपरावर चढता येणारी माणसं. माझ्या पिढीला रीप कुठली आणि वासा कुठला, हे वादळानं शिकवलं.

आमच्यापुढे प्रश्न होता, पत्रा की कौल? पत्रा पटकन होतो, पण वाऱ्यानं उचलला तर अख्खा जातो आणि वाकला की कामातून गेला. कौलं फुटली तरी उरलेली परत चढतात. पण नवी आणायची, तर कारखाना बदलला की खाचा जुळत नाहीत. आमच्या कौलांच्या पाठीवर नाव होतं त्या कारखान्याचा माल बाजारात नव्हताच.

शेवटी काकांनी गोठा उतरवला. त्याची कौलं त्याच साच्यातली होती, ती घरावर चढवली. गोठ्यावर पत्रे आले, आणि पाऊस लागला की गाय अजून बिचकते. माजघरात एका कोपऱ्यात थोडं ठिबकतं. यंदा वैशाखात मी स्वतः वर चढणार आहे, काका खालून सांगतील.