मुंबईच्या नभोवाणीवरील रॉक संगीत : ध्वनिलहरींचे मूल्य आणि पर्यायी श्रोता

प्रस्तावना

मुंबईत रॉक संगीताचा श्रोतृवर्ग १९६०च्या दशकापासून अस्तित्वात आहे. या शहराने द जेट्स, द सॅव्हेजेस, अॅटॉमिक फॉरेस्ट, रॉक मशीन, पेंटाग्राम असे वाद्यवृंद दिले. मात्र केवळ रॉक, त्यातही पर्यायी रॉक, वाजविणारे एफएम केंद्र येथे स्थिरावू शकले नाही. 'असे संगीत ऐकणारे फार थोडे' हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे. ते पूर्णतः खोटे नाही. परंतु पुरेसेही नाही. एखाद्या केंद्रास किती श्रोते पुरेसे ठरतात हे त्या केंद्राने ध्वनिलहरींसाठी किती किंमत मोजली आहे यावर अवलंबून असते, आणि ती किंमत श्रोते ठरवीत नाहीत. प्रस्तुत लेखात मुंबईच्या नभोवाणीचा इतिहास या दृष्टीने तपासला आहे.

'पर्यायी रॉक' ही संज्ञा मुळात नभोवाणीशीच निगडित आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांवरून, व्यापारी केंद्रे ज्यांना जागा देत नसत अशा वाद्यवृंदांची गाणी वाजू लागली आणि तेथून हे नाव रूढ झाले. ब्रिटनमध्ये हेच कार्य बीबीसीच्या रेडिओ १ वर जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत केले. दोन्ही ठिकाणी या संगीतास आधार मिळाला तो जाहिरातींच्या उत्पन्नावर न चालणाऱ्या केंद्रांचा. भारतात महाविद्यालयांना नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा डिसेंबर २००२ च्या धोरणाने मिळाली. म्हणजे संगीत आधी आले आणि त्याचे स्वाभाविक माध्यम दहा-पंधरा वर्षांनी.

आकाशवाणीचा आश्रय

मुंबईतील नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रापासून सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत शास्त्रीय संगीतावर भर देण्यात आला व चित्रपट संगीताची गळचेपी झाली. परिणामी १९५२ नंतर श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याची एक बाजू मात्र फारशी चर्चिली जात नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे श्रोतेही याच काळात रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांचे श्रोते होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि हिंदी चित्रपटगीतांच्या चाहत्यांना स्वदेशी पर्याय मिळाला. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांसाठी अशी स्वतंत्र सेवा निघाली नाही. त्यांच्या वाट्यास आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे ठरावीक तास आणि 'सॅटर्डे डेट'सारखा शनिवार रात्रीचा फर्माइशींचा कार्यक्रम एवढेच आले.

हे तास थोडे होते, परंतु त्यांना जाहिरातदाराचे समर्थन मिळवावे लागत नव्हते. याच न्यायाने मुंबई केंद्रावर 'कामगारसभा' चालत असे व तीत मराठी लोकसंगीतास नियमित स्थान असे. वांद्रे-खार पट्ट्याचे उदाहरण येथे बोलके ठरते. खारदांड्याचा कोळीवाडा आणि त्याच्या शेजारची चुईम, पाली, शेर्ली, राजन ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची गावठाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकीकडे कोळीगीतांची परंपरा, दुसरीकडे पाश्चात्त्य वाद्यांची. आकाशवाणीच्या नोकरशाहीवर अनेक आक्षेप घेता येतील व ते घेतलेही गेले आहेत. पण या दोन्ही परंपरांना, तुटपुंजी का होईना, एकाच यंत्रणेत जागा होती ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

रॉक संगीताची वाढ मात्र नभोवाणीबाहेर झाली. १९७० व १९७१ मधील 'सिमला बीट' स्पर्धा, १९८६ पासून धोबीतलाव येथील रंगभवनात भरणारा 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव, १९९१ पासून उपग्रह वाहिनीवरून दिसू लागलेले एमटीव्ही आणि १९९३ मध्ये अलाहाबादहून निघू लागलेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक ही तिची प्रमुख केंद्रे होत. रंगभवनात हजारोंनी तरुण जमत असताना, ज्यांच्यासाठी ते जमत त्यांची गाणी नभोवाणीवर क्वचितच ऐकू येत. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन या कार्यक्रमांना बंद झाले. खुले मैदान गेल्यावर नभोवाणीची गरज वाढली होती.

परवाना शुल्काचे गणित

१९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबईतील आपल्या एफएम वाहिनीवरील वेळ खाजगी निर्मात्यांना भाड्याने देण्यास प्रारंभ केला. टाइम्स एफएम व रेडिओ मिड-डे ही नावे तेव्हाची. त्यांच्या कार्यक्रमांत इंग्रजी गाण्यांना बऱ्यापैकी वाव होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी व मतांचे वैविध्य राखण्यासाठी व्हावा, असा निर्णय दिला. १९९८ मध्ये भाडेपद्धती संपुष्टात आली आणि १९९९ च्या धोरणानुसार खाजगी केंद्रांसाठी लिलाव पुकारण्यात आला.

न्यायालयाने ज्या मालमत्तेस सार्वजनिक म्हटले होते तिचा भाव आता बोलीने ठरला. मुंबईतील एका वारंवारतेसाठी वार्षिक परवाना शुल्क ९.७५ कोटी रुपये निश्चित झाले. त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होणार होती व परवान्याची मुदत दहा वर्षांची होती. या हिशेबाने पाचव्या वर्षी शुल्क सुमारे १७ कोटी व दहाव्या वर्षी सुमारे ३४ कोटी रुपयांवर जाते. उत्पन्न असो वा नसो, ही रक्कम देणे बंधनकारक होते. वृत्तप्रसारणास मनाई असल्यामुळे बातम्यांच्या आधारे वेगळेपण निर्माण करण्याचा मार्गही बंद होता. उरले केवळ संगीत, आणि त्यासाठीही ध्वनिमुद्रणांच्या स्वामित्वहक्काचे शुल्क वेगळे द्यावे लागे.

२००२ मध्ये मुंबईत पाच खाजगी केंद्रे सुरू झाली : रेडिओ सिटी, रेडिओ मिर्ची, रेड एफएम, गो ९२.५ आणि विन ९४.६. यांपैकी गो ९२.५ हे मिड-डे समूहाचे केंद्र प्रामुख्याने इंग्रजी संगीताचे होते. सकाळच्या सत्रातील जग्गू व तराना या निवेदकद्वयाने त्यास लौकिक मिळवून दिला. प्रारंभी रेड एफएमनेही इंग्रजी गाण्यांना जागा दिली होती. पुढे ती आटली. विन ९४.६ हे २००३ मध्ये बंद पडले. गो ९२.५ ने काही वर्षे आपली दिशा टिकविली, पण २००५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यानंतर त्याचे रूपांतर 'रेडिओ वन' मध्ये झाले व कार्यक्रमांत हिंदी चित्रपटगीते आली. दुसऱ्या टप्प्यात निश्चित वार्षिक शुल्काऐवजी एकरकमी प्रवेश शुल्क व ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत लागू झाली. हा बदल निश्चितच हितावह होता; मात्र तो येईपर्यंत सर्व केंद्रांचे आवाज एकमेकांसारखे झाले होते. पुढील दशकात रेडिओ वन पुन्हा इंग्रजी संगीताकडे वळले हे लक्षात घेता, मधल्या काळात श्रोता नाहीसा झाला होता असे म्हणता येणार नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. खाजगी केंद्रांच्या टीकाकारांनी एकसुरीपणाचा दोष निर्मात्यांच्या अभिरुचीस दिला. तो अंशतःच रास्त आहे. वार्षिक दहा कोटींचे देणे डोक्यावर असलेला कोणताही निर्माता शहरातील सर्वांत मोठ्या श्रोतृसमूहामागेच धावेल. पाचही निर्माते एकाच समूहामागे धावले. रॉक संगीत जसे बाहेर पडले तसेच कोळीगीतही पडले. मराठीच्या राजधानीत मराठी गाणीदेखील या केंद्रांवर अभावानेच ऐकू येत, याकडे पाहिले असता प्रश्न केवळ इंग्रजी जाणणाऱ्या सुखवस्तू वर्गाचा नव्हता हे स्पष्ट होते.

दोन वेगळ्या वाटा

या चौकटीबाहेर दोन प्रयोग झाले. पहिला वर्ल्डस्पेसचा. नोआ समारा यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये अवकाशात गेला. विशेष ग्राहकयंत्र व वर्गणी यांच्या आधारे ती रॉक, जॅझ, कर्नाटक व हिंदुस्थानी संगीत यांना स्वतंत्र वाहिन्या देत असे. भारतातील विखुरलेले थोडे श्रोते एकत्र करून त्यांच्या वर्गणीवर वाहिनी चालविणे ही कल्पना मुळात योग्य होती. तथापि यंत्र खर्चिक, उपग्रहाकडे रोखलेला अँटेना आवश्यक, आणि दाटीच्या इमारतींत तो बसविणे अवघड. कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला व ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. ग्राहकांच्या घरातील यंत्रे निरुपयोगी झाली.

दुसरा प्रयोग सामुदायिक नभोवाणीचा. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातील १०७.८ मेगाहर्ट्झवरील मस्ट रेडिओ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांना परवाना शुल्काचा बोजा नसतो. पण प्रसारणशक्ती १०० वॉटपर्यंत मर्यादित असते आणि जाहिरातींच्या वेळेवर बंधन असते. अमेरिकेत ज्या प्रकारच्या केंद्राने पर्यायी रॉकला जन्म दिला त्याच्या सर्वांत जवळचा मुंबईतील नमुना हाच होय. तो वांद्रे-खारच्या गावठाणांपासून काही किलोमीटरवर उभा राहिला, तोपर्यंत त्या वयाचा श्रोता भ्रमणध्वनीवर साठविलेली गाणी ऐकू लागला होता.

स्वामित्वहक्क मंडळाने २५ ऑगस्ट २०१० रोजी ध्वनिमुद्रणांचे शुल्क केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरविले, आणि २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीस एकाच शहरात एकाहून अधिक वारंवारता घेण्याची परवानगी दिली. एका वारंवारतेवर बहुसंख्यांचे व दुसरीवर वेगळ्या अभिरुचीचे संगीत येईल, अशी त्यामागील अपेक्षा होती. २०१५ च्या लिलावात मुंबईतील एका वारंवारतेसाठी शंभर कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. तिच्यावरून २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रेडिओ नशा' या केंद्राने जुनी हिंदी चित्रपटगीते वाजविण्यास प्रारंभ केला.